शस्त्र लपवणारा शहाणाच असतो का?

ज्याने हत्यार लपवून ठेवलं, वेळ साधली आणि काम झाल्यावर हात धुतले, तो वेडा असूच शकत नाही, असं मी सत्र न्यायालयात अनेकदा ठणकावून सांगितलं आहे. सरकारी वकील म्हणून ते माझं कामच होतं. पण मी ते नुसतं काम म्हणून बोलत नव्हते, माझा त्यावर मनापासून विश्वास होता. आज तो राहिलेला नाही. तो कसा ढळत गेला ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण तसाच विश्वास बाळगणारी माणसं आजही न्यायालयात, पोलीस ठाण्यात आणि सकाळी पेपर वाचणाऱ्या घराघरांत आहेत.

कलम 84 आम्हा फौजदारीच्या वकिलांना तोंडपाठ असतं. 1860च्या भारतीय दंड संहितेतलं हे कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 22 झालं. आकडा बदलला, आशय तोच राहिला. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे ज्याला आपण काय करतो आहोत हेच कळत नाही, किंवा ते चुकीचं अथवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नाही, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. म्हणजे दारं दोन आहेत. पहिलं दार अगदी चिंचोळं आहे. समोरच्याचा गळा आवळताना आपण दोर वळतोय असं वाटणारा माणूस मी तरी कधी पाहिलेला नाही. खरा प्रश्न दुसऱ्या दारापाशी उभा असतो. हातात कोयता आहे, त्याने माणूस मरतो, हे सगळं त्याला माहीत आहे. पण आपण करतोय ते योग्यच आहे, असं त्याचं आजारी मन त्याला सांगतं आहे. आम्ही सरकारी बाजूचे लोक पहिल्या दारावर पहारा देत उभे राहायचो आणि दुसरं जणू भिंतच आहे असं वागायचो.

युक्तिवाद ठरलेला असे. आरोपीने हत्यार कुठून आणलं? वेळ कोणती निवडली? नंतर पळाला का? कपडे बदलले का? पोलिसांशी खोटं बोलला का? यातल्या दोनतीन प्रश्नांचं उत्तर 'हो' आलं की मी म्हणायचे, साहेब, हा वेड पांघरून पेडगावला निघाला आहे. न्यायालयात हलकंसं हसू उमटायचं आणि बचाव पक्षाच्या वकिलाचा चेहरा उतरायचा. वैद्यकीय वेड वेगळं आणि कायद्याचं वेड वेगळं, हे वाक्य तर सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांत आहे. नुसता आजार असून भागत नाही, त्या क्षणी त्या आजाराने समज हिरावून घेतली होती हे दिसावं लागतं. हे तत्त्व मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. माझं मत बदललं ते समज कशावरून मोजायची याबद्दल.

या बदलाची सुरुवात एका मुलाच्या खटल्यापासून झाली. ऊसपट्ट्यातलं गाव, बेताची शेती, घरात आई, वडील आणि हा एकुलता एक मुलगा. कॉलेज अर्धवट सुटलं, मग खोलीत बसून राहणं, आंघोळ टाळणं, रात्रभर जागणं सुरू झालं. घरच्यांनी आधी देवऋषी केला, मग तालुक्याला डॉक्टर झाला, गोळ्या सुरू झाल्या. जरा बरं वाटलं आणि गोळ्या बंद झाल्या. ही साखळी मी इतक्या फायलींत वाचली आहे की पुढचं पान न उलटताही सांगू शकेन. मुलाने एका पहाटे चुलीपाशी बसलेल्या आईवर मागून कोयता चालवला. कोयता आधीपासून त्याच्या अंथरुणाखाली होता. नंतर त्याने तो धुऊन गोठ्यातल्या कडब्यात खुपसला आणि तो घराबाहेर पडला. फिर्याद वडिलांनी दिली.

सरकार पक्षासाठी याहून सोपी केस कोणती? हत्यार आधी लपवलं, नंतरही लपवलं, मागून वार केला, घटनास्थळ सोडलं. मी मानसोपचारतज्ज्ञांची उलटतपासणी घेतली ती याच चार खिळ्यांवर. डॉक्टरांनी सांगितलं की आरोपीला स्किझोफ्रेनिया आहे आणि त्यात त्याला एक विशिष्ट भ्रम आहे. आपली खरी आई नाहीशी झाली असून तिच्या जागी हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी परकी बाई घरात घुसली आहे, असं तो मानतो. 1923 साली जोसेफ कापग्रा या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने एका सहकाऱ्यासोबत अशा रुग्णाचं वर्णन केलं, म्हणून या भ्रमाला त्याचं नाव आहे. मी विचारलं, असं असेल तर तो कोयता लपवेल कशाला? डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मॅडम, घरात घुसलेली बाई आपल्याला मारायला टपली आहे असं ज्याला वाटतं, तो हत्यार तिच्या डोळ्यांसमोर ठेवेल का?"

मी तो प्रश्न बाजूला सारून पुढे गेले. उलटतपासणीत साक्षीदाराने प्रश्न विचारायचा नसतो, असंही मी न्यायाधीशांना सांगितलं. पण त्याच साक्षीत आणखी एक गोष्ट निघाली. घटनेच्या काही आठवडे आधी हा मुलगा पोलीस ठाण्यात गेला होता. आमच्या घरात एक बाई आईचं सोंग घेऊन राहते आहे, तिला बाहेर काढा आणि माझ्या आईचा शोध घ्या, असा अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिला होता. ठाण्यातल्यांनी त्याला चहा पाजला आणि वडिलांना बोलावून घरी पाठवलं. तो अर्ज आरोपपत्रासोबत नव्हता. बचाव पक्षाने तो मागवून घेतला.

त्या अर्जावर मी खूप विचार केला आहे. या मुलाला कायदा माहीत होता. पोलीस काय असतात, अर्ज कसा करतात, परक्याच्या घरात घुसणं गुन्हा आहे, हे सगळं त्याला ठाऊक होतं. तो कायद्याकडे मदत मागायला गेला होता. त्याची बुद्धी शाबूत होती, स्मरणशक्ती शाबूत होती, अक्षरसुद्धा वळणदार होतं. फक्त एका ठिकाणी, जिथे आईचा चेहरा ओळखीचा वाटायला हवा तिथे, काहीतरी तुटलं होतं, आणि बाकीची सगळी शाबूत बुद्धी त्या तुटलेल्या जागेच्या सेवेला लागली होती. योजना आखण्याची ताकद आजाराने नेली नव्हती. आजाराने ती वापरली होती.

मानसोपचारतज्ज्ञ हे फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. भ्रम म्हणजे गोंधळ नव्हे. मेंदूला सूज असलेला किंवा तापाने बरळणारा माणूस गोंधळलेला असतो, त्याला दिवस-रात्र कळत नाही. संशयी भ्रमात असलेला माणूस पुष्कळदा नेटका असतो. तो पुरावे गोळा करतो, वह्या भरतो, पाळत ठेवतो, वाट बदलून घरी येतो. आपण ज्याला वेडेपणा समजतो तो विस्कटलेले केस, फाटके कपडे, असंबद्ध बडबड असा असतो, नाटकात दाखवतात तसा. मीही आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहताना तेच शोधत होते. सरळ उभा असलेला, नाव विचारलं की नाव सांगणारा मुलगा मला शहाणा वाटत होता.

वडिलांची साक्ष वेगळी सांगायला हवी. फिर्यादी तेच, मृताचे पती तेच, आरोपीचे वडील तेच. तीव्र मनोविकाराच्या भरात कुणाचा जीव जातो तेव्हा तो बहुधा घरातल्याच माणसाचा जातो. पुष्कळदा तो आईचा, पत्नीचा, भावाचा असतो. जो माणूस गोळ्या हातावर ठेवत होता त्याचा. म्हणून अशा खटल्यांत 'पीडितांचं कुटुंब' आणि 'आरोपीचं कुटुंब' अशा दोन बाकांवर माणसं वाटता येत नाहीत. मी त्यांना विचारलं, तुमचा मुलगा तुम्हाला ओळखत होता ना? "ओळखत व्हता," ते म्हणाले. "मला म्हणायचा, आबा, तुमी पण सावध राहा, ती तुमालाबी घालंल जेवणातनं." सरकार पक्षाला हवं ते उत्तर मिळालं, असं मी तेव्हा मानलं.

न्यायाधीशांनी आरोपीला कलम 84 खाली निर्दोष ठरवलं. मला तो निकाल मान्य नव्हता. अपील करावं असा अभिप्राय मी लिहून पाठवला. ते अपील झालं नाही.

नंतर मी मॅकनॉटनचा खटला मुळातून वाचला. कलम 84चा उगम तिथे सांगतात, पण आम्ही महाविद्यालयात त्याचे नियम पाठ केले होते, माणूस वाचला नव्हता. डॅनियल मॅकनॉटन हा ग्लासगोचा लाकूड कातणारा कारागीर. टोरी पक्षाचे लोक आपला पिच्छा पुरवतात, आपल्याला शांतपणे झोपू देत नाहीत, जीव घेऊ पाहतात, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. त्याने शहरातल्या अधिकाऱ्यांकडे तक्रारीही केल्या होत्या. जानेवारी 1843 मध्ये त्याने लंडनमध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर पाठीमागून गोळी झाडली. बहुधा त्यांनाच पील समजून. काही दिवसांनी ड्रमंड वारले. पिस्तुलं त्याने आधी मिळवली होती, सरकारी कचेऱ्यांच्या परिसरात तो पाळतीवर दिसला होता. माझ्या ठरलेल्या युक्तिवादात बसणारा माणूस. तरी डॉक्टरांच्या साक्षी ऐकून मार्चमध्ये ज्यूरीने त्याला वेडामुळे निर्दोष ठरवलं.

लोक खवळले. राणी व्हिक्टोरिया स्वतः अस्वस्थ झाली. तिच्यावरही 1840 साली गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि तो आरोपीही वेडा ठरून सुटला होता. उमरावांच्या सभागृहाने न्यायाधीशांना बोलावून प्रश्न विचारले आणि त्यांच्या उत्तरांतून जून 1843 मध्ये ते प्रसिद्ध नियम तयार झाले. म्हणजे ज्या निकालावर संताप झाला, त्या निकालासारखे निकाल पुन्हा लागू नयेत म्हणून नियम आवळले गेले. ते काटेकोरपणे लावले असते तर खुद्द मॅकनॉटन सुटला असता की नाही, याबद्दल अनेक कायदेपंडितांना शंका आहे. आणि 'सुटला' म्हणजे काय? तो बेथलेमच्या वेड्यांच्या इस्पितळात गेला, 1864 साली ब्रॉडमूरला हलवला गेला आणि 1865 साली तिथेच मेला. बावीस वर्षं. संतापातून जन्मलेली ती मोजपट्टी सतरा वर्षांत आपल्या दंड संहितेत आली, आणि मी ती हातात घेऊन उभी होते.

मुंबईकरांना दुसरं नाव सांगायला नको. रामन राघव. 1968 साली उपनगरांतल्या झोपड्यांत आणि फुटपाथांवर झोपलेली गरीब माणसं बोथट, जड हत्याराने मारली जात होती. माणसं काठ्या घेऊन जागत होती. रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली गुन्हे शाखा तपास करत होती, आणि ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी त्याला ओळखून पकडलं. रात्र निवडायची, झोपलेला माणूस निवडायचा, अंधारात नाहीसं व्हायचं. हा माणूस शहाणा नाही तर कोण, असं मी कित्येक वर्षं म्हणत आले. पोलीस सर्जनांनीही निरीक्षणानंतर त्याला मनोविकार नसल्याचं मत दिलं होतं. बचाव पक्षाच्या मानसोपचारतज्ज्ञाने मात्र वेगळं सांगितलं: याला जुनाट संशयी स्किझोफ्रेनिया आहे, आपण मारतोय हे त्याला कळतं, पण ते चूक किंवा बेकायदा आहे हे कळत नाही. सत्र न्यायालयाने 1969 साली फाशी दिली. त्याने अपील केलं नाही.

फाशी कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं. ते त्याच्याशी पुनःपुन्हा, तासन्‌तास बोलले. त्यांना जे आढळलं ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. जग दोन आहेत, एक हे आणि एक 'कानून'चं, आणि आपण त्या कानूनचे प्रतिनिधी आहोत. इथली माणसं आपल्याला बाई बनवू पाहतात, पण आपण एकशे एक टक्के पुरुष आहोत. देशात तीन सरकारं आहेत, अकबराचं, इंग्रजांचं आणि काँग्रेसचं. हे दोन तासांत रचता येणारं सोंग नाही. या माणसाच्या आत एक अख्खं संविधान होतं, त्यात कलमं होती, अधिकार होते, आणि त्याच्या लेखी त्यानुसारच तो वागत होता. उच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. 1995 साली पुण्यात ससून रुग्णालयात मूत्रपिंडं निकामी होऊन तो वारला. त्याने मारलेल्या माणसांपैकी कित्येकांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत, ही गोष्ट मला त्याच्याबद्दल वाटणाऱ्या कोणत्याही करुणेइतकीच बोचते. पण त्याचा आजार खरा होता, आणि अंधार निवडण्याची त्याची हुशारीही खरी होती. दोन्ही एकाच डोक्यात नांदत होत्या.

महाराष्ट्रातल्याच एका पोलीस शिपायाचा खटला 2002 साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. त्याने सरकारी निवासस्थानात पत्नीच्या डोक्यात दगड घातला होता. नोकरी सोडण्यावरून वाद, एवढाच हेतू. वडिलांनाही मानसिक आजार, त्याच्यावर 1992 पासून संशयी स्किझोफ्रेनियाचे उपचार, अटकेनंतर काही महिन्यांत पंचवीस वेळा रुग्णालयात न्यावं लागलं. न्यायालयाने आणखी एक गोष्ट नोंदवली: दिवसाढवळ्या मारलं आणि लपण्याचा, पळण्याचा प्रयत्न केला नाही. त्याला निर्दोष ठरवलं. हा निकाल मी पूर्वीही पुष्कळदा वापरत असे, पण उलटा करून. उघड्यावर मारून थांबला म्हणून तो मनोरुग्ण, तर लपून मारून पळाला म्हणून माझा आरोपी शहाणा. तर्कशास्त्राचं पहिलं पुस्तक वाचलेला विद्यार्थीही सांगेल की हे उलटं करता येत नाही. पाऊस पडला की अंगण ओलं होतं. अंगण कोरडं नाही म्हणून पाऊसच पडला असं नव्हे, आणि छपराखाली कोरडं आहे म्हणून पाऊस पडला नाही असंही नव्हे. न पळणं हा आजाराचा पुरावा असू शकतो. पळणं हा आरोग्याचा पुरावा होत नाही.

मग सोंगाचं काय? सोंग घेणारे असतात. मी पाहिले आहेत. आज मला हेही कळतं की सोंग ओळखायला वकिलाचा करडा सूर लागत नाही, वॉर्डातली नर्स लागते. न्यायवैद्यक मनोविकारतज्ज्ञ आरोपीला निरीक्षणाखाली ठेवतात ते यासाठीच. डॉक्टर समोर असताना भिंतीशी बोलणारा माणूस रात्री दोन वाजता काय करतो? जेवणाच्या रांगेत? कॅरम खेळताना? खऱ्या रुग्णाला ऐकू येणारे आवाज सहसा येतात-जातात, आणि त्यांच्यापासून सुटका म्हणून तो काहीतरी करत असतो: चालतो, रेडिओ लावतो, कानात बोळे घालतो. सोंग घेणारा सांगतो की आवाज अखंड चालू आहेत, आणि त्यावर काय करतोस विचारलं की गोंधळतो. सोंगाड्या आपला आजार दाखवायला उत्सुक असतो. संशयी भ्रमातला रुग्ण बहुधा तो लपवतो, कारण त्याच्या मते तो आजारी नाहीच. तो मुलगा साऱ्या खटल्यात एकदाही 'मी वेडा आहे' म्हणाला नाही. उलट आपल्याच वकिलाला तो म्हणाला होता की मला वेडा ठरवू नका, आईचा शोध घ्या.

कोणी यातून असं समजू नये की मनोरुग्ण म्हणजे धोका. अमेरिकेत मॅकआर्थर अभ्यासगटाने 1998 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मानसोपचार रुग्णालयांतून घरी गेलेल्यांपैकी दारू किंवा अमली पदार्थांच्या आहारी नसलेले लोक त्याच वस्तीतल्या इतरांपेक्षा जास्त हिंसक आढळले नाहीत. व्यसन जोडलं गेलं की चित्र बदलतं. तुरुंगांबद्दलचा आकडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे: फाझेल आणि डानेश यांनी 2002 साली बारा देशांतल्या सुमारे 23,000 कैद्यांच्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा पुरुष कैद्यांत तीव्र मनोविकृती सुमारे 4 टक्के आणि तीव्र नैराश्य 10 टक्के निघालं, तर व्यक्तिमत्त्वदोष 65 टक्के. हा शेवटचा गट मोठा आहे आणि त्याच्याबाबत माझं मत तसूभरही बदललेलं नाही. दुसऱ्याच्या दुःखाने ज्याला काही वाटत नाही, जो लहानपणापासून खोटं बोलत, मारत, फसवत आला, त्याच्या स्वभावाला डॉक्टरांकडे नाव आहे. पण आपण काय करतोय आणि ते चूक आहे हे त्याला पुरेपूर कळतं. स्वतःहून प्यायलेल्या दारूच्या नशेतल्या कृत्यालाही कायदा माफ करत नाही, आणि ते बरोबर आहे. कलम 84 यांच्यासाठी नाही.

निवृत्तीनंतर विधी सेवेच्या कामासाठी मी एका मनोरुग्णालयात जाऊ लागले. तिथल्या रजिस्टरात मला त्या मुलाचं नाव दिसलं. निकालानंतर तो थोड्याच दिवसांत घरी जाईल, गावात फिरेल, याचाच मला संताप होता. तो कुठेही गेला नव्हता. कलम 84 खाली निर्दोष ठरलेला माणूस दार उघडून बाहेर पडत नाही. न्यायालय आधी नोंदवतं की कृत्य त्यानेच केलं, आणि मग त्याला सुरक्षित ताब्यात ठेवायचं की हमी घेऊन नातेवाइकाकडे द्यायचं ते ठरवतं. ताब्यात ठेवलं तर तो स्वतःला किंवा इतरांना धोकादायक नाही असं प्रमाणपत्र लागतं, त्यावर सरकारचा आदेश लागतो, आणि न्यायला माणूस लागतो. वडील आता थकले आहेत. चुलते म्हणतात, आणू नका. जन्मठेपेच्या कैद्याची शिक्षा सरकार वर्षं मोजून माफ करू शकतं. या मुलाला मोजायला वर्षंच दिलेली नाहीत.

आसाममधल्या माचांग लालुंग यांचं नाव यातलं सर्वांत भयंकर. 1951 साली अटक, तेजपूरच्या मनोरुग्णालयात रवानगी, 1967 साली डॉक्टरांनी बरे असल्याचं कळवलं, आणि बाहेर आले ते 2005 साली, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने लक्ष घातल्यावर, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. चोपन्न वर्षं, आणि खटला चाललाच नाही. दोन वर्षांनी ते वारले. आपल्या शीला बर्से यांनी तुरुंगांत गुन्ह्याशिवाय डांबलेल्या मनोरुग्णांसाठी सर्वोच्च न्यायालयात लढा दिला आणि 1993 साली ते डांबणं घटनाबाह्य ठरवून घेतलं. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कैद्यांच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कागदावर आपण बरंच पुढे आलो आहोत.

ज्याला मी पळवाट म्हणत होते ती बहुतेकांसाठी दुसऱ्या भिंतीतली कोठडी आहे, हे कळल्यावर माझा राग ओसरला. पण मत त्याने बदललं नाही. ते बदललं त्या अर्जाने. तो मुलगा आज शिक्षा भोगत नसून उपचार घेतोय, हे मला योग्य वाटतं, आणि तो तिथे विसरला जातोय, हे अन्याय्य वाटतं. गोळ्या नियमित सुरू झाल्यावर त्याला उमगलं की ती बाई परकी नव्हती. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, त्यानंतरचे महिने सर्वांत कठीण गेले, त्याच्यावर रात्रंदिवस लक्ष ठेवावं लागलं.

परवा एका तरुण सहायक सरकारी वकिलाचा फोन आला. तिच्याकडे तसलीच केस आली आहे. भावाने भावाला मारलं, विळा विहिरीत टाकला. "बाई, मग मी काय करू? केस सोडून देऊ?" मी म्हटलं, मुळीच नाही. मेलेल्या माणसाची बाजू मांडायला न्यायालयात तुझ्याशिवाय कोणी नाही. पण तपास अधिकाऱ्याला आजच विचार, अटकेच्या दिवशी आरोपी काय बोलत होता ते स्टेशन डायरीत कुणी लिहिलंय का. आजाराचा इतिहास कळूनही वैद्यकीय तपासणी केली नाही तर सरकार पक्षाचाच पाया कच्चा राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली राजस्थानातल्या एका खटल्यात म्हटलं आहे. तो निकाल त्यांच्या हातात दे. आरोपीला सहा महिन्यांनी नव्हे, या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला लाव, कारण तुरुंगातल्या गोळ्यांनी तो बरा झाला की त्या दिवशी तो कसा होता हे कुणालाच सांगता येणार नाही. गावातल्या मेडिकल दुकानाची बिलं, तालुक्याच्या डॉक्टरचे कागद, देवऋषीकडे नेल्याची शेजाऱ्यांची साक्ष, सगळं मागव. ते तुझ्या विरुद्ध जाणारं असलं तरी आरोपपत्रात घाल. त्याने कुठे अर्ज केला होता का, तेही बघ. आणि विळा विहिरीत का टाकला, हे डॉक्टरांना विचारशील तेव्हा त्यांचं उत्तर पूर्ण होऊ दे.